रात्री अकरानंतर बरं चालतं, मग कार्ड कशाला बदलताय?

प्रश्न : नमस्कार सर, माझा पीसी बेडरूममध्ये आणि टीव्ही हॉलमध्ये. मुलगी आठ महिन्यांची आहे, नऊला झोपते, मग बेडरूममध्ये बसून खेळायची सोयच राहिली नाही. पीसीवरचा गेम टीव्हीवर दाखवणारं एनव्हिडियाचं गेमस्ट्रीम बंद झालंय म्हणून पीसीवर चित्र पाठवणारं सनशाइन टाकलं, अँड्रॉइड टीव्हीवर ते घेणारं मूनलाइट ॲप, आणि हॉलमध्ये बसतो. पण चित्र अडकतं, चौकोन चौकोन दिसतात, वळायचं बटण दाबलं की गाडी अर्ध्या सेकंदाने वळते, तोवर भिंतीत. रात्री अकरानंतर बऱ्यापैकी चालतं पण तोपर्यंत मलाच झोप येते. पीसीचा प्रोसेसर आय५-९४००एफ, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, वायफायसाठी यूएसबी डोंगल. बजेट ३० हजार. आरटीएक्स ३०६० घेऊ की ४०६०? का अख्खा पीसीच काढून टाकू? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : अहो, पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. अकरानंतर बरं चालतं. आता मला सांगा, १०५० टीआय काय रात्री अकरा वाजले की जवान होतं का? कार्ड तेच, गेम तोच, टीव्ही तोच. बदलतं ते एवढंच की बिल्डिंगमधल्या वीस-पंचवीस घरांतले लोक मोबाइल ठेवून झोपतात आणि हवेतली गर्दी कमी होते. तुमचं दुखणं वायफायचं आहे, कार्डाचं नाही, निदान आधी तरी नाही.

होतं काय बघा. १०८० पी, सेकंदाला ६० फ्रेम, हे चित्र जसंच्या तसं पाठवायचं म्हटलं तर सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट होतात. कार्डावरचा एन्कोडर ते दाबून २० मेगाबिटच्या आसपास आणतो. २० म्हणजे काहीच नाही, कुठलंही वायफाय एवढं देतं, पण दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम वेळेवर पोचली पाहिजे ना, तिथे सगळं अडतं. यूट्यूबवर पुढचं थोडं आधीच भरून ठेवता येतं. गेममध्ये पुढे काय होणार ते तुमच्या अंगठ्यावर असतं, भरून काय ठेवणार? आणि तुमच्याकडे तर डबल फेरा आहे, पीसी ते राउटर हवेतून आणि राउटर ते टीव्ही परत हवेतून, म्हणजे तेच सामान एकाच रस्त्यावरून दोनदा. त्यात डोंगल जर २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, ती अख्ख्या बिल्डिंगने वाटून घ्यायची, शिवाय तुमच्या कंट्रोलरचं ब्लूटूथही त्याच पट्ट्यात.

मीपण हेच शेण खाल्लंय म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय. २०२१ मध्ये कार्डांचा दुष्काळ होता तेव्हा लाज वाटेल इतके पैसे देऊन नवीन कार्ड आणलं, लावलं, आणि चित्र तस्संच तुटत होतं. मग एकदा लक्षात आलं की ते बरोब्बर मिनिटभर तुटतं आणि आपोआप सुधारतं, आणि सुधारायच्या वेळी किचनमधून "टिंग" असा आवाज येतो. मायक्रोवेव्ह! बायको दूध तापवत होती. तोही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो. कार्डाचे पैसे मी आजतागायत तिला खरे सांगितलेले नाहीत.

तर पहिलं काम, कॅट ६ ची लॅन वायर. पीसी ते राउटर एवढी ओढली तरी एक फेरा वाचतो, टीव्हीपर्यंत नेली तर प्रश्नच मिटला. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, त्याचं टेन्शन घेऊ नका, आपल्याला २०-३० लागतात. भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तर चपटी वायर मिळते, स्कर्टिंगवरून नेऊन दाराच्या फटीतून जाते, वरून केसिंग पट्टी मारली की दिसतही नाही. बेडरूमला एसी असेल तर त्याच्या पाइपचं भोक बघा, त्यातून बाहेर काढून हॉलच्या खिडकीतून आत घेता येते, फक्त बाहेरच्या उन्हापावसाला टिकेल अशी वायर मागा. आणि दुकानदाराने टोकं लावून दिली तर आठच्या आठ तारा नीट बसल्यात का बघून घ्या, एखादी सुटली तर लिंक गिगाबिटवरून १०० वर येते नाहीतर लागतच नाही. वायर अजिबातच जमत नसेल तर निदान पीसी आणि टीव्ही दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर आणा, पण ती लहर भिंतीत दमते हे धरून चाला, आणि डोंगल कॅबिनेटच्या मागे यूएसबी ३ च्या पोर्टात खुपसलेलं असेल तर एक्स्टेन्शनने जरा लांब, वर आणून ठेवा, त्या पोर्टाची खरखर २.४ वर जाते.

वायर लागली की मूनलाइटच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स स्टॅट्स चालू करून अर्धा तास खेळा. कोपऱ्यात आकडे येतील. नेटवर्कने गाळलेल्या फ्रेम शून्याच्या वर दिसत असतील तर अजून लाइनचीच भानगड. डिकोडचा, म्हणजे दाबलेलं चित्र टीव्हीने परत उलगडायचा, वेळ १६-१७ मिलिसेकंदाच्या पुढे असेल तर टीव्हीचा प्रोसेसर दमतोय, रिझोल्यूशन किंवा बिटरेट उतरवा. होस्टचा, म्हणजे पीसीचा, आकडा फुगला असेल तरच पीसीकडे वळा. आणि टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना ते बघा, तो बंद असला की टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात स्वतःच वेळ खातो आणि शिव्या मात्र पीसीला बसतात.

आता पीसी. १०५० टीआयमध्ये एन्कोडर चांगला आहे, चित्र जास्त दाबणारा एचईव्हीसी प्रकारसुद्धा करतो, स्ट्रीमिंगपुरतं त्याला काही धाड भरलेली नाही. अडचण होते ती गेमने कार्ड ९९ टक्क्यांवर नेलं की, मग चित्र उचलून एन्कोडरकडे द्यायलाच कार्डाला सवड मिळत नाही. म्हणून गेम ६० फ्रेमवर बांधून टाका, सावल्या-बिवल्या मीडियमवर आणा, कार्ड ८५-९० टक्क्यांत राहू दे. दुसरं, ८ जीबीची अजून एक स्टिक, आहे त्याच स्पीडची. एकाच स्टिकवर प्रोसेसर अर्ध्या रस्त्याने चालतो, आणि आजच्या गेमला ८ पुरतही नाही.

एवढं करून नवे गेम खेचत नसतील तर मग खुशाल कार्ड घ्या, ती गेमची गरज झाली, स्ट्रीमिंगची नव्हे. दोघांत मी ४०६० म्हणेन, ११५ वॉटवर भागतं, ३०६० ला १७० लागतात, आणि तुमचा एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, कुठला ते तुम्ही लिहिलेलंच नाही. १०५० टीआयच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवरची वायरच नसते, नव्याला लागणार, तेव्हा आधी कॅबिनेट उघडून आठ पिनांची वायर आहे का बघा. स्वस्त पडतंय म्हणून जीटी १०३० किंवा आरएक्स ६५०० एक्सटी मात्र उचलू नका, दोन्हीत एन्कोडरच नाही, आणि तुमच्या प्रोसेसरच्या नावातला तो "एफ" म्हणजे इनबिल्ट ग्राफिक्स नाही, म्हणजे तिकडूनही मदत शून्य, सगळा भार सहा कोअरवर येईल.

प्रश्न : घरातल्या घरात गेम स्ट्रीम करायला नेटचा प्लॅन १०० वरून ३०० एमबीपीएस करू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. गेम घराबाहेर जातच नाही, राउटरपर्यंत जाऊन परत येतो. ऑनलाइन गेम नसेल तर नेटवाल्याची वायर काढून ठेवलीत तरी चालेल. प्लॅनच्या पैशात राउटर बदला, तोही जुना सिंगल बँड, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला असेल तरच.

प्रश्न : मॉनिटर बंद केला की टीव्हीवरचं स्ट्रीम काळं पडतं. कार्ड गेलं का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कार्ड ठणठणीत आहे. काही मॉनिटर, विशेषतः डिस्प्लेपोर्टवरचे, बंद केले की विंडोजला वाटतं स्क्रीनच काढून नेला, मग उचलायला चित्रच उरत नाही. एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, बोटाच्या पेराएवढा, तो कार्डाच्या मागे लावून ठेवा आणि सनशाइनच्या सेटिंगमध्ये तोच डिस्प्ले निवडा. फक्त मॉनिटर चालू असताना माउस कधीकधी त्या न दिसणाऱ्या स्क्रीनवर पळून जातो, तेव्हा घाबरून परत पत्र लिहू नका, विंडोजचं बटण आणि पी दाबून पहिला पर्याय घ्या.