‘अपांक्तेय’मधला काना खाऊ नका

एका भाषांतरकार ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या कथेतली नायिका पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातली आमिश (जुन्या वळणाने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातली) तरुणी. बाप्तिस्मा झालेला, घरी आजारी वडील, आणि जीव जडलाय पंथाबाहेरच्या सुतारावर. त्याच्याशी लग्न केलं तर तिच्यावर ‘माइडुंग’ येणार. मराठीत याला ‘वाळीत टाकणे’ म्हणावं की ‘बहिष्कार’?

‘बहिष्कार’ नको. त्यात ‘बहिस्’, म्हणजे बाहेर आहे. माइडुंग ज्या जर्मन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ टाळणं. मुलगी माहेरी येऊ शकते, बोलू शकते. पण एका टेबलावर जेवू शकत नाही. कडक घरांत तिच्या हातून वस्तूही घेत नाहीत. म्हणजे वडिलांना तिने वाढलेलं ताट तिच्या हातून घेता येणार नाही! आधार बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा (५:११): अशा माणसाबरोबर जेवूही नये. १६९३ साली याकोब आमान आणि हान्स राइस्ट या दोन धर्मपुढाऱ्यांची फाटली ती या टाळण्यावरूनच, आणि आमानवरूनच ‘आमिश’ हे नाव पडलं.

तेव्हा मुद्दा ताटाचा आहे, आणि ताटासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: अपांक्तेय. पंगतीला बसवायला अपात्र. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीतून वगळायच्या लोकांसाठी तो आलाय. हल्ली सर्रास ‘अपंक्तेय’ छापतात आणि ‘रूढ झालंय’ म्हणून जाणकारही त्याची पाठराखण करतात. मला हे अजिबात मान्य नाही. कुंतीचा कौंतेय, गंगेचा गांगेय, तसा पंक्तीचा पांक्तेय. ‘कुंतेय’ चालवून घ्याल का?

आणि पंक्ती म्हणजे मुळात ‘ओळ’ नव्हेच! ती ‘पंचन्’वरून आली, पंक्ती म्हणजे पाचांचा समूह. वेदातल्या पंक्ती छंदात आठ-आठ अक्षरांचे पाच पाद असतात ते उगाच नाही. ओळ हा अर्थ नंतरचा, पंगत त्याच्याही नंतरची. आता गंमत बघा, न्याय करणारे ‘पंच’ही त्याच पाचातून आलेले. शब्दांचं मूळ एक, एवढंच; जेवायला बसणारे आणि पानावरून उठवणारे तेच पाच जण होते, असं मात्र त्यावरून ठरत नाही.  

हं, ‘वाळीत’. निवेदनात चालेल. पण नायिका मनाशी बोलते तिथे, ताई, ‘मी अपांक्तेय होईन’ हेच ठेवा. बाप्तिस्म्याचा उल्लेखही गाळू नका. तो झालाच नसता तर माइडुंग तिला लागू नव्हता; रुमस्प्रिंगातली, म्हणजे बाप्तिस्म्याआधीच्या मोकळिकीच्या काळातली, सोळा-सतरा वर्षांची मुलगी अजून पांक्तेयच असते.