24 ची संध्याकाळ आणि 25 ची सकाळ

या वेळचं पत्र म्युनिकहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"आम्ही मूळचे पुण्याचे. 13 वर्षं इंग्लंडात, रेडिंगला राहिलो. चौघांचेही पासपोर्ट ब्रिटिश. गेल्या वर्षी उन्हाळ्यात नवऱ्याच्या नोकरीमुळे म्युनिकला आलो. मुलगी 9 वर्षांची आहे, मुलगा 6 वर्षांचा. इथला पहिला नाताळ पार विस्कटला. 24 तारखेला दुपारी 3 वाजता उरलेलं सामान आणायला गेले, तर सगळीकडे शटर खाली. त्याच रात्री मुलाच्या वर्गमित्राच्या आईने फोटो पाठवले, त्याच्या भेटवस्तू उघडूनही झाल्या होत्या. मुलगा झोपेपर्यंत विचारत राहिला, 'फादर ख्रिसमसला आपला नवा पत्ता कळला नाही का?' जेवणाच्या टेबलावर दोघांनी ओढून फोडायचे कागदी क्रॅकर नाहीत, बेदाण्या-मनुकांचं गोड सारण भरलेले मिन्स पाय नाहीत, म्हणून मुलगी रुसून बसली. यंदा सासूबाई नाताळात इथेच असतील. त्या म्हणतात, हा आपला सणच नाही, मग एवढा आटापिटा कशाला? आम्ही नेमका कुठला नाताळ करायचा?"

ताई, आधी तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे बघू. बाकीचं सामानसुमानाचं आहे, ते जमेल. पण सहा वर्षांच्या मुलाला आपण विसरलो गेलो असं वाटलं, हे मला फार लागलं.

जर्मनीत भेटवस्तू 24 तारखेलाच, अंधार पडल्यावर मिळतात. त्या रात्रीला हायलिगआबेंड म्हणतात आणि भेटी देण्याच्या त्या घटकेला बेशेरुंग. आणणाराही वेगळा असतो. उत्तरेत आणि पूर्वेत बहुतेक घरी वायनाख्ट्समान येतो, म्हणजे आपल्या ओळखीचा दाढीवाला म्हातारा. तुमच्या बव्हेरियात येतं ते क्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशू. ते कुणाला दिसत नाही. मुलांना खोलीबाहेर ठेवतात, आत झाड सजतं, छोटी घंटा वाजते, दार उघडतं, आणि तोवर ते निघून गेलेलं असतं. मुलांनी संत निकोलसकडे भेटी मागू नयेत, बाळ येशूकडे पाहावं, असं मार्टिन लूथरला वाटे, त्यातून ही रीत वाढली. पुढे ती रुजली मात्र कॅथलिक दक्षिणेत.

हे मुलाला समजावायला तुमच्या घरातच उत्तम दाखला आहे. कुणाकडे खड्याच्या गौरी येतात, कुणाकडे मुखवट्याच्या. कुणाचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा दहा दिवसांचा. शेजारच्या घरी गौरी वेगळ्या रूपात आल्या म्हणून आपल्या चुकल्या असं कुणी म्हणत नाही. "आमच्याकडे असं असतं" एवढं म्हटलं की झालं. मित्राकडे क्रिस्टकिंड येतं, 24 ला. आपल्याकडे फादर ख्रिसमस येतो, 25 च्या पहाटे. मुलं हे सहज मान्य करतात. त्यांना त्रास होतो तो आईबापच गोंधळलेले दिसले की.

आणि यंदा त्याला दोन पत्रं लिहायला लावा. एक फादर ख्रिसमसला, त्यात नवा पत्ता त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा. दुसरं क्रिस्टकिंडला. वुर्ट्सबुर्गजवळ हिमेलश्टाट नावाचं गाव आहे, तिथे क्रिस्टकिंडच्या नावाने आलेल्या मुलांच्या पत्रांना खरोखर उत्तरं जातात. पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच टाका. पाठीमागे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायला विसरू नका. आपल्या नावाचं पाकीट दारात आलं की पत्ता कळला की नाही ही शंका कायमची मिटेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुठला नाताळ. माझं मत स्पष्ट आहे: 24 ची संध्याकाळ जर्मनीला द्या, 25 ची सकाळ इंग्लंडची ठेवा, आणि दोन्ही एका दिवसात कोंबू नका. बर्मिंगहॅमहून श्टुटगार्टला आलो त्या वर्षी मी तीच चूक केली होती. इथल्यासारखं करायचं म्हणून सगळ्या भेटी 24 ला संध्याकाळी झाडाखाली मांडल्या. आठ वाजेपर्यंत मुलं दमून रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी सवयीने दोघं सहालाच उठली आणि पलंगाच्या पायथ्याशी मोजा चाचपू लागली. तिथे काहीच नव्हतं. धाकटीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. इंग्लंडात वाढलेल्या मुलाचा नाताळ त्या चाचपण्यात असतो, हे मला तेव्हा कळलं. वजनदार झालेला मोजा, तळाशी संत्रं, त्यावर खुळखुळणारं काहीतरी. ती सकाळ काढून घेऊ नका.

म्हणून भेटी वाटून द्या, वाढवू नका. 24 ला प्रत्येकाला एकच, शक्य तर सगळ्यांनी मिळून खेळायचा एखादा खेळ. बाकी सगळं 25 ला, मोज्यात आणि झाडाखाली. मुलाला शाळा उघडल्यावर वर्गात सांगायला 24 चंही काही असेल आणि घरचंही. सुट्टी संपल्यावर सांगायचंय म्हणून विसरतील असं समजू नका, मुलं हे तीन आठवडे लक्षात ठेवतात.

24 चा दिवस कसा घालवायचा? खरेदी 23 पर्यंत संपवा. 24 ला दुकानं फार तर दुपारी 2 पर्यंत उघडी असतात, आणि 25 व 26 दोन्ही सरकारी सुट्ट्या. 2026 मध्ये 25 तारीख शुक्रवारी येते, म्हणजे रविवार धरून सलग तीन दिवस सगळं बंद. दूध, पाव, औषधं, खेळण्यांच्या बॅटऱ्या आधीच आणा. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोल पंप. नाताळ बाजारही "सुट्टीत निवांत जाऊ" म्हणून ठेवू नका. म्युनिकच्या मुख्य चौकातला, मारीएनप्लाट्सवरचा बाजार 24 ला दुपारीच आवरतो, आणि बहुतेक गावांत तसंच असतं.

दुपारी जवळच्या चर्चमध्ये मुलांचं येशूजन्माचं नाटुकलं असतं. कुणालाही जाता येतं, पण अर्धा तास आधी जा, बसायला जागा मिळत नाही. शाळेच्या नेटिव्हिटीत तुमच्या मुलीने काम केलं असेलच, तिला ओळखीचं वाटेल. मग घरी या आणि साधं जेवा. बऱ्याच जर्मन घरांत त्या रात्री बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज एवढंच असतं, बदक किंवा हंस 25 ला. सासूबाई शाकाहारी असतील तर एक लक्षात ठेवा: बव्हेरियात हे सॅलड मेयोनीज न घालता गरम सूपच्या पाण्यात मुरवतात आणि ते पाणी बरेचदा मांसाचं असतं. तयार डबा आणलात तर लेबल वाचा. घरी केलंत तर भाज्यांचं पाणी, व्हिनेगर, मोहरी आणि कांदा. त्यांना आवडेल.

जेवणानंतर बाहेर बघा. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. रेडिंगच्या 24 ची वर्दळ आठवून ही शांतता पहिल्या वर्षी अंगावर येते, हे मला माहीत आहे. तुम्हाला कुणी टाळत नाहीये. या रात्री जर्मन माणूस घरचं दार लावून घरच्यांबरोबर बसतो, म्हणून न सांगता बेलही वाजवू नका. भेटीगाठींचा दिवस 26, तुमचा बॉक्सिंग डे. शेजाऱ्यांना त्या दिवशी दुपारी चहाला बोलवा, आणि आमंत्रण नोव्हेंबरअखेरच द्या, कारण इथे डिसेंबर लवकर भरतो.

25 ला मात्र पूर्ण इंग्लंड. मोजे, मोठं दुपारचं जेवण, डोक्यावर कागदी मुकुट, ब्रँडी ओतून पेटवलेलं पुडिंग. ब्रिटनच्या राजाचं नाताळचं भाषण लंडनला 3 ला असतं, तुमच्याकडे 4 वाजतील. पाचव्या जॉर्जने 1932 मध्ये रेडिओवर सुरू केलेली ही प्रथा आहे.

क्रॅकर विमानातून आणायच्या भानगडीत पडू नका. त्यात फटाक्याची पट्टी असते, अनेक विमान कंपन्या ते चालू देत नाहीत. हे काम मुलीला सोपवा. पुठ्ठ्याच्या नळ्या, रंगीत कागद, आत मुकुट आणि एखादी छोटी वस्तू. आवाज तोंडाने काढायचा. चिठ्ठीवर एक इंग्रजी विनोद, एक शाळेत शिकलेला जर्मन, आणि आजीकडून घेतलेलं एक मराठी कोडं. रुसलेल्या मुलीला समजूत नको असते, कामाची जबाबदारी हवी असते.

तिला अजून एक गोष्ट सांगा. तिचं "ब्रिटिश" झाड मुळात जर्मन आहे. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गची. तिने 1800 मध्ये विंडसरला मुलांसाठी झाड सजवलं होतं. पुढे व्हिक्टोरिया राणी, तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी आहेत असं चित्र 1848 मध्ये लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं आणि घरोघर झाडं आली. अल्बर्ट कोबुर्गचा, आणि कोबुर्ग आज बव्हेरियात आहे, तुमच्याच राज्यात. आगगाडीने एका दिवसात जाऊन येता येईल.

मिन्स पायसाठी इथे सगळं मिळतं. बेदाणे, मनुका, सफरचंद, दालचिनी, जायफळ, लवंग. संत्र्याची आणि लिंबाची पाकवलेली साल डिसेंबरमध्ये प्रत्येक दुकानात बेकिंगच्या फळीवर असते. प्राण्याच्या चरबीऐवजी लोणी घाला. इंग्लंडहून पार्सल मागवणार असाल तर मांसाचे आणि दुधाचे पदार्थ त्यात नकोत, 2021 पासून ब्रिटनहून युरोपीय संघात येणाऱ्यांना ते आणता येत नाहीत. चरबी घातलेलं पुडिंगही त्यामुळे टाळा. आप्तांनी पाठवलेली 45 युरोपर्यंतची भेट मात्र करमुक्त येते. सासूबाईंनाही आत्ताच सांगा: पुण्याहून पेढे, बर्फी, तूप बॅगेत नको. चिवडा आणि चकल्या चालतील.

आता सासूबाईंबद्दल, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. त्यांच्या म्हणण्यावर वाद घालू नका. त्यांच्या मनात बहुधा एवढंच असतं, की या सगळ्यात माझं काय, आणि नातवंडांना आपलं काही उरणार आहे का. त्याचं उत्तर स्वयंपाकघरात द्यावं. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांच्या नाताल वरून मराठीत आला. वसईत, अहिल्यानगरकडच्या गावांत मराठी घरांत हा सण पिढ्यान्‌पिढ्या होतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी भजनं चर्चमध्ये गायली जातात. आणि गोव्यात नाताळच्या फराळात काय असतं? नेवऱ्या. म्हणजे आपल्या करंज्याच.

त्यांना करंज्या करायला सांगा. एका घाण्यात नारळाचं सारण, दुसऱ्यात मिन्स पायचं. मुलीला कातणं फिरवायला द्या. मी हे केलं आहे, मिन्स पायचं सारण करंजीत अप्रतिम लागतं. इथल्या घरांत आडव्हेंटभर, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, बिस्किटं भाजतात आणि शेजारीपाजारी डबे देतात, अगदी दिवाळीच्या ताटांसारखे. समोरच्या बाई व्हॅनिलाच्या चंद्रकोरी आणून देतील. तुमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, हे सासूबाईंइतकं कुणाला माहीत असणार?

सगळं दोन दिवसांत उरकायचं नसतं, हेही त्यांना आवडेल. आडव्हेंटच्या आधीच्या रविवारी इंग्लंडात पुडिंगचं मिश्रण घरातला प्रत्येकजण मनात इच्छा धरून ढवळतो. ते करा. पुढच्या रविवारी इथल्या हिरव्या फांद्यांच्या गोल चक्रावरची पहिली मेणबत्ती, मग दर रविवारी एक, अशा चार. ही रीत हॅम्बुर्गच्या योहान हिन्रिश व्हिखर्न या धर्मोपदेशकाने 1839 मध्ये सुरू केली, त्याच्याकडच्या अनाथ मुलांचं "नाताळ कधी?" संपेना म्हणून. त्या मेणबत्तीशेजारी सासूबाईंनी निरांजन लावलं, तर लावू द्या. 5 डिसेंबरच्या रात्री मुलांनी बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवायचे, सकाळी निकोलाउस, म्हणजे संत निकोलस, त्यात अक्रोड, चॉकलेट आणि संत्री टाकून गेलेला असतो. तळाशी संत्रं इथेही, तिथेही.

आणि 24 च्या रात्री मुलं झोपली की एक जास्तीचा मोजा सासूबाईंच्या पलंगाशी टांगा. संत्रं, गरम हातमोजे, वाचायच्या चष्म्याची दोरी, आणि नातीने मराठीत लिहिलेली चिठ्ठी. ती आजपासूनच लिहायला बसवा, जोडाक्षरांना वेळ लागतो.