परक्या गायकाचं सुतक

कॅसेटवाल्या काकांना विचारा

एरवी मला हार्मोनियमचा भाता आणि तबल्याची शाई यांबद्दलच विचारतात. 22 जुलै 2025 ला 'ब्लॅक सॅबथ' या इंग्लिश रॉक बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला आणि टपालाचा रंगच बदलला. म्हणून या खेपेला भाता-शाईवाल्यांना थांबवून ही चार पत्रं घेतली आहेत.

काका, माझे बाबा 67 वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर त्यांचं आयुष्य गेलं. ऑझीची बातमी कळली त्या दिवशी ते जेवले नाहीत. 30 जुलैला त्यांचे चार मित्र काळे टी-शर्ट घालून घरी आले, मोबाइल टीव्हीला जोडून सगळ्यांनी अंत्ययात्रा बघितली आणि पाचही जण रडले. आई म्हणते, "सख्खा चुलता गेला तेव्हा डोळ्यांतून टिपूस नाही, आणि या गोंदवलेल्या गोऱ्याचं सुतक पाळतायत!" बाबांना इंग्रजी येत नाही, गाण्यांचे शब्द कळत नाहीत. मग हे नातं आलं कुठून?
— एक मुलगी, वर्तकनगर, ठाणे

मुली, बाबा ठणठणीत आहेत. त्यांना उपाशी मात्र राहू देऊ नकोस, या वयात पित्त होतं.

शब्दांचं म्हणशील तर ते मलाही फार उशिरा कळले. आम्हाला आधी आवाज कळला. 1984 पासून मी वागळेतच एका शेडमध्ये कामाला होतो. अकरा पॉवर प्रेस एका ओळीत. पायाने ट्रेडल दाबलं की धाड, मग पत्रा सरकवायचा, पुन्हा धाड. पहिल्या आठवड्यात डोकं फुटायची वेळ येते. दुसऱ्या महिन्यात कान त्यात ताल शोधू लागतो, कारण आठ तास दुसरं काय शोधणार? 1986 च्या पावसाळ्यात चेंदणी कोळीवाड्याचा एक फिटर टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याने 'ब्लॅक सॅबथ'ची पहिली तबकडी लावली, म्हणजे तिची कॅसेटवर उतरवलेली कितवी तरी नक्कल. सुरुवातीला पाऊस पडतो, लांब कुठे तरी घंटा वाजते. बाहेर आमच्या पत्र्यावरही पाऊस. आणि मग ती गिटार पडली. पडली असंच म्हणायला हवं, प्रेस पडतो तशी. सावकाश, जड, मध्ये तेवढीच जागा सोडून. आमच्यातला कोणी काही बोलला नाही. भोंगा झाला तरी दोघं-तिघं उठले नाहीत, त्यावरून सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या.

ही मंडळी कुठली, तर बर्मिंगहॅमची. इंग्लंडातलं वागळे इस्टेट समज, फक्त फार जुनं आणि फार मोठं. ऑझी तिथल्या अ‍ॅस्टन भागातला. दोन खोल्यांत निजणारी सहा भावंडं. बाप टूलमेकर, रात्रपाळीला. आई ल्युकस कंपनीत दिवसपाळीला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, मग आईच्याच कारखान्यात मोटारीचे हॉर्न वाजवून सूर लावायचं काम. त्यानंतर कत्तलखाना. मग घरफोडी, आणि दंड भरायला पैसे नाहीत म्हणून सहा आठवडे तुरुंग. वर्तकनगरच्या चाळीत अशी पोरं तुझ्या बाबांनी पुष्कळ पाहिली असतील. एखादं स्वतःच असतील, विचारून बघ.

आता बोटांची गोष्ट. ती बाबांनी तुला सांगितली नसेल तर सांगायला हवी होती. बँडचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस. दुसऱ्या मशीनवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथे बसवलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या साहेबाने घरी येऊन त्याला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवाल्याची रेकॉर्ड ऐकवली: हा माणूस जळालेल्या हाताच्या दोन बोटांवर वाजवतो. आयोमीने साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं. बँजोच्या हलक्या तारा लावल्या. पुढे तिसऱ्या अल्बमच्या वेळी, 1971 मध्ये, तारा सैल करून सूर दीड पट्टीने खाली आणला, म्हणजे बोटांना कमी दुखतं. तो जो काळोखा, जमिनीला टेकलेला आवाज आहे, ज्याला आज जगभर हेवी मेटल म्हणतात, त्यात एका प्रेसवाल्याच्या दुखऱ्या बोटांचा मोठा वाटा आहे.

1988 मध्ये माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेचं पेर गेलं. डायमध्ये अडकलेला तुकडा चिमट्याने काढायचा असतो. मी घाईत बोटांनी काढायला गेलो. मालकाने त्या महिन्याचे खाडे कापले. दवाखान्यात तो कोळीवाड्याचा फिटर अर्धा डझन केळी घेऊन आला आणि त्याने मला आयोमीची ही गोष्ट सांगितली. मला वाटलं, माझं मन राखायला थाप मारतोय. ती खरी आहे हे पुढे छापील वाचलं तेव्हा कळलं. गिटारच्या बाबतीत मी काही आयोमी झालो नाही, चार कॉर्डच्या पुढे गाडी कधी गेली नाही. पण प्रेस सोडला आणि नौपाड्यात कॅसेट भरून द्यायचं दुकान टाकलं.

तेव्हा आईला एवढंच म्हण, ते चौघे पुन्हा चहाला आले की पाचही जणांची बोटं मोज. पन्नास भरली तर मला कळव.

आणि अंत्ययात्रेचं म्हणशील, तर 5 जुलैला त्याच अ‍ॅस्टनमधल्या फुटबॉलच्या मैदानावर त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला होता. मूळचे चौघे वीस वर्षांनी एका मंचावर. पार्किन्सनने उभं राहता येत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. मिळकत पार्किन्सनच्या संशोधनाला आणि लहान मुलांच्या दवाखान्यांना. त्यानंतर सतरा दिवसांनी गेला. तुझ्या बाबांनी ते सिंहासन फोनवर पाहिलं असणार, आणि बसून काम करायची परवानगी कुणाला मिळते, कुणाला नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

जिवंत वटवाघळाचं डोकं चावून तोडणाऱ्या माणसाला आपल्या मासिकाने श्रद्धांजली का वाहावी?
— एक संतप्त वाचक, कोपरी

चावला हे खरं. 20 जानेवारी 1982, अमेरिकेतलं डे मॉइन गाव. प्रेक्षकातून कुणी तरी वटवाघूळ मंचावर फेकलं, त्याला ते रबरी वाटलं, असं तो सांगत असे. जिवंत होतं की मेलेलं यावर अजून वाद आहे. नंतर रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली, तेव्हा वटवाघळाचा सूड थोडाफार उगवला म्हणायचा.

मला स्वतःला वटवाघळापेक्षा 1989 जास्त खुपतं. दारू आणि औषधांच्या धुंदीत त्याने बायकोचा गळा दाबला, अटक झाली. बायकोने तक्रार पुढे नेली नाही, तो व्यसनमुक्तीला गेला. पुढे पुन्हा घसरला, पुन्हा सावरला. ही गोष्ट गाळून त्याचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं पटत नाही. तुमचा राग तिथे असता तर मी वादच घातला नसता.

काका, मी 17 वर्षांचा आहे. ऑझी गेल्यावर रील्समध्ये पहिल्यांदा ऐकलं आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकवत नाही. कॉलेजातले सीनियर म्हणतात, माणूस मेल्यावर आलेला फॅन खोटा. टी-शर्ट घालायचीही लाज वाटते.
— ऐरोली, नवी मुंबई

टी-शर्ट घाल. आणि सीनियरना माझी फजिती सांग.

ऑझीला 1979 मध्ये ब्लॅक सॅबथमधून काढलं, त्यानंतर त्याने स्वतःचे दोन अल्बम काढले ते रँडी ऱ्होड्स नावाच्या पोरगेल्या गिटारवाल्याला घेऊन. काय बोटं होती! मी ते 1986 मध्ये ऐकले आणि रँडीचा भक्त झालो. हुतात्मा चौकातल्या फुटपाथवरच्या पुस्तकांत त्याचा फोटो शोधायचो. काळा घोड्याजवळ ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात गेलो की काउंटरवर विचारायचो, रँडीचं नवीन काही आलं का? तिथला माणूस नुसती मान हलवायचा. मला वाटायचं, माल संपलाय. 1989 मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात रॉकचा कार्यक्रम बघायला गेलो होतो, तिथे शेजारच्या पायरीवर बसलेल्या एका पारशी गृहस्थाने सांगितलं: अरे, तो तर 19 मार्च 1982 ला गेला. फ्लोरिडात, लहान विमानात. वय 25.

म्हणजे मी ऐकायला लागलो त्याच्या चार वर्षं आधीच तो गेला होता, आणि वर तीन वर्षं मी त्याच्या नव्या अल्बमची वाट बघत होतो. शेवटच्या ठाणे लोकलमध्ये दारात उभा राहून रडलो. शेजारच्याला वाटलं, पाकीट मारलं माझं.

तुझ्यापाशी निदान बातमी वेळेवर आली. रील्सवरचे पंधरा सेकंदाचे तुकडे मात्र बास. ब्लॅक सॅबथचे पहिले चार अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐक, ठाणे-वाशी लोकलच्या दोन फेऱ्यांत एक होतो. गीझर बटलरच्या बेसकडे कान ठेव. बरेचसे शब्दही त्याचेच आहेत, ऑझीचे नव्हेत.

आमच्या दिवंगत वडिलांच्या भरून घेतलेल्या चाळीसेक कॅसेट माळ्यावर सापडल्या. ऑझी, डीप पर्पल वगैरे नावं आहेत. फितीवर पांढरी भुकटी दिसते. वाचतील का?
— कळवा

पुष्कळशा वाचतील. ती बुरशी आहे, खाडीकाठच्या हवेत येतेच. तोंडाला मास्क लावा आणि चांगल्या डेकमध्ये ती कॅसेट अजिबात घालू नका, हेडला लागून बाकीच्यांनाही पसरेल. एखादा भंगारातला टेपरेकॉर्डर यासाठी वेगळा ठेवा. कोरड्या खोलीत दोन दिवस उघड्या ठेवून मग त्याच्यावर फीत पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, फिरताना मऊ सुती कापड नुसतं टेकवा, दाबू नका. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर कॅसेटनंतर. आतली फेल्टची छोटी गादी निखळली असेल तर आवाज बसका येतो. स्क्रूवाली कॅसेट उघडून दुसऱ्या कॅसेटची गादी लावता येते. स्क्रू नसलेली ब्लेडने फोडून चकत्या नव्या खोक्यात हलवाव्या लागतात, ते जमत नसेल तर जाणकाराला द्या. वाजली की लगेच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुन्हा माळ्यावर नको.

कव्हरवरचं बॉलपेनचं अक्षर पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या. ऑझीच्या इंग्रजी नावात एकच झेड असेल तर कॅसेट माझ्या दुकानातून गेलेली आहे. मी 1992 पर्यंत तसंच लिहीत होतो. मग एका गिऱ्हाइकाने ऑझीच्या मुठीचा फोटो आणून दाखवला, चार बोटांवर चार अक्षरं गोंदलेली.