इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना नलकॉनमध्ये बोलायची संधी मिळू शकते का?

मिळू शकते, पण तिथे वर्षापेक्षा काम बघतात. गोव्यात २०१० पासून भरणारी नलकॉन ही सायबर सुरक्षेची परिषद 'नल' या त्याच क्षेत्रातल्या खुल्या समुदायातून उभी राहिली. अशा परिषदा वक्त्यांसाठी 'कॉल फॉर पेपर्स' काढतात. त्यात भाषणाचा गोषवारा पाठवायचा असतो आणि तिथेच बहुतेक मुलं घसरतात. 'सायबर सुरक्षेचं महत्त्व' असला विषय (कॉलेजच्या सेमिनारला ठीक आहे) कुणी उघडूनही बघत नाही. एकच उपकरण किंवा एकच प्रोटोकॉल (उपकरणांनी एकमेकांशी बोलायचे नियम) घ्या. त्यातली सुरक्षेची त्रुटी काय, ती कशी सापडली, नवीन काय, आणि मंचावर डेमो काय दाखवणार, एवढं नेमकं लिहा. स्वतः लिहिलेलं टूल असेल तर उत्तमच.

एक सांभाळा: परवानगीशिवाय कुणाच्या सर्व्हरमध्ये शिरलात तर आयटी कायद्याचं कलम ६६ लागू शकतं. त्रुटी आधी कंपनीला किंवा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवा, दुरुस्तीला वेळ द्या, मग बोला.

आणि थेट गोवा कशाला? नलच्या पुणे-मुंबईतल्या मोफत बैठकांत आधी अर्धा तास बोलून बघा. तिथले प्रश्न घाम काढतात.