बायको नेपाळची आहे, लग्नाला दीड वर्ष झालं. घरकुलासाठी अर्ज करताना तिचं माहेर काय सांगायचं? भावकीतले म्हणतात बंगालमधलं सिलिगुडी सांग.

सिलिगुडी सांगू नका. बाकीचं सावकाश सांगतो.

मी विट्याच्या पूर्वेकडचा. सोळाव्या वर्षी मामाच्या मागं काठमांडूला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात गेलो. आमच्या भागात ह्यात नवीन काही नाही, दुष्काळानं अर्धा तालुका भट्टीपुढं नेऊन बसवलाय. २०१४ ला तिथंच लग्न केलं. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला. धादिंगला तिच्या माहेरचं घर पार बसलं. आमचं गावातलं माळवद गळकं होतं, पण उभं होतं, म्हणून इकडं आलो.

तिकडच्या देवळात लागलेलं लग्न आईला पटेना. तिनं दारात मांडव घालून परत अक्षता टाकायला लावल्या. मला त्या वेळी लाज वाटली होती. पण त्यामुळंच ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद झाली आणि हातात दाखला आला. तुमचं लग्न तिकडं झालं असेल तर तिकडच्या वडा (वॉर्ड) कार्यालयातली विवाह दर्ता, म्हणजे लग्नाच्या नोंदीचा दाखला, जपून ठेवा, तिच्यावाचून पुढं पान हलत नाही.

२०१८ ला आवास प्लसचा, म्हणजे प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलांसाठीचा सर्व्हे आला. ग्रामसेवक भाऊसाहेब मोबाईल घेऊन दारात, माळवदाचा फोटो काढतायत. घरातली नावं सांगून झाली आणि त्यांनी सहज विचारलं, "सूनबाईंचं माहेर कुठलं?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे चुलते, तात्या, बोलले, "दार्जिलिंग."

बायको चुलीपुढनं म्हणाली, "धादिंग. नेपाळ." तोवर ती आमच्यापेक्षा गावठी मराठी बोलायला लागली होती.

तात्या हसले. "त्येच की ओ भाऊसाहेब. धादिंग काय, दार्जिलिंग काय, डोंगराकडचं सगळं एकच."

भाऊसाहेब माझ्याकडं बघायला लागले. माणूस वाईट नव्हता, मी मान हलवली असती तर दार्जिलिंग लिहून पुढच्या घरी गेला असता. मी म्हणालो, नेपाळ. तात्या चहा न घेता उठले, आणि तेव्हापासून जत्रेत, लग्नात, मयतीत, जिथं गाठ पडेल तिथं ते मला तो दिवस ऐकवतात.

त्यांचं म्हणणं असं: गप्प बसला असतास तर घर दोघांच्या नावावर झालं असतं. हे अर्धं खरं आहे. घरकुल नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर किंवा नुसतं बाईच्या नावावर द्यायचं, असा योजनेचाच नियम आहे. पण दुसरीकडं, नेपाळच्या नागरिकाला भारतात घर-जमीन घ्यायची तर रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते, पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा चालतो. १९५० च्या भारत-नेपाळ तहात एकमेकांच्या माणसांना राहण्याचे, मालमत्तेचे सारखे हक्क द्यायचे असं लिहिलंय, पण १ लाख २० हजारांच्या घरासाठी तह काखेत मारून कोण भांडणार? आमचा मार्ग सोपा निघाला. आई विधवा, कुटुंबप्रमुख तीच, घरकुल तिच्या नावावर झालं. किमान २६९ चौरस फुटांचं बांधकाम, हप्ते टप्प्याटप्प्यानं, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. आता राज्यानं वर ५० हजार वाढवलेत म्हणे, आमच्या वेळी नव्हते. स्लॅबला कमी पडले ते बायकोनं बोरमाळ मोडून घातले. नमुना आठवर, म्हणजे घराच्या उताऱ्यावर, तिचं नाव नाही. तात्यांचं बोलणं लागतं ते इथं.

पण तात्यांचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, ते बघा. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या माणसाला सात वर्षं इथं राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, १९५५ च्या कायद्याचं कलम ५. त्या अर्जाला ती नेपाळची आहे हेच तर आधी दाखवावं लागतं. कागदावर एकदा दार्जिलिंगची केली की ती इथलीही राहत नाही आणि तिथलीही. एका घराच्या हप्त्यासाठी बाईचा जन्मगाव पुसायचा आणि वर ह्याला व्यवहार म्हणायचं. तात्या हे वाचणार नाहीत, पण त्यांचा थोरला वाचतो, त्यानं सांगावं.

आधारचं टेन्शन घेऊ नका. ते राहण्यावर मिळतं, वर्षात १८२ दिवस इथं राहिलेल्या परदेशी माणसालाही. मात्र आधार आलं म्हणजे ती भारतीय झाली, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. आणि मतदार यादीत तिचं नाव अजिबात घालू देऊ नका. निवडणूक आली की मेंबर स्वतः फॉर्म भरून आणतो, आमच्याकडंही आणला होता. परत पाठवला.

रेशनकार्डाचं विचारू नका. खिडकीवरच्या बाबानं माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मागितला. म्हटलं, साहेब, तिकडं रेशनकार्ड नसतं. म्हणाला, मग नसल्याचा दाखला आणा. आम्ही तिचं नाव घातलंच नाही.

तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. अर्ज आईच्या नावानं करा, आई नसेल तर तुमच्या, आणि बायको नेपाळची म्हणूनच सांगा. नवरा भारतीय, पक्कं घर नाही, मग बायको नेपाळची म्हणून आम्हाला कुणी नाकारलं नाही. हे गावाकडचं झालं. तुम्ही नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर शहरी योजना वेगळी, तिथं कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं लागतं. तिच्या बापाचं नेपाळातलं घर त्यात धरत नाहीत, एवढं धरून चाला. तरी एकदा पंचायत समितीत विचारून घ्या, माझं सगळं २०१८ च्या यादीवरचं आहे.

आणि एक गोष्ट वर सांगितली नाही. सात वर्षं २०२२ लाच भरली. अर्ज अजून केलेला नाही. इथलं नागरिकत्व घेतलं की तिकडचं सोडावं लागतं. तिची नागरिकता, म्हणजे तिकडचा तो दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलाय. घर पडलं तेव्हा तिच्या बापानं ढिगाऱ्यातनं पहिल्यांदा तोच उपसून काढला होता. दर दिवाळीला मी विचारतो, करायचा का अर्ज? ती म्हणते, पुढच्या वर्षी बघू.