नाशिकमध्ये शेतमाल प्रक्रियेचा स्टार्टअप टिकायला काय लागतं? त्यात शिक्षणाचा उपयोग किती?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, निफाडला घरची शेती आहे, कांदा-टोमॅटो सुकवून विकायचं मनात आहे. आधी फूड टेक्नॉलॉजीची पदवी घ्यावी की थेट उतरावं, असा प्रश्न आहे. मी दिंडोरी तालुक्यात सहा वर्षं कांदा सुकवायचं युनिट चालवतोय. पदवीसाठी थांबू नका, पण आपला माल समजून घेतल्याशिवाय यंत्रही घेऊ नका.

मी ड्रायर घेतला तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं होतं, क्विंटलभर कांद्यातून 15 किलो चकत्या निघतात. त्या आकड्यावर मी बँकेचा प्रकल्प अहवाल केला. प्रत्यक्षात निघाल्या 11 किलो. महिनाभर मी ड्रायरलाच दोष देत राहिलो. मग नाशिकमधल्या एका फूड टेक्नॉलॉजी कॉलेजात पाच दिवसांचं प्रशिक्षण केलं. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्या कांद्याचा ब्रिक्स किती?" आमची द्राक्षबाग आहे. काढणीआधी मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून आम्ही गोडी बघतो, म्हणजे ते यंत्र वर्षानुवर्षं घरातच होतं. कांद्याचा रस त्यावर टाकायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. घरी येऊन टाकला, ब्रिक्स 12 आला, म्हणजे रसात विरघळलेला घन भाग साधारण 12 टक्के.

पुढचं सगळं त्या 12 मधून उलगडलं. क्विंटलमागे साल आणि देठ-मुळाची घट 10 किलो धरा. उरलेल्या 90 किलोत 12 टक्के घन भाग म्हणजे 10.8 किलो. सुकलेल्या चकत्यांत पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा ठेवायचा, म्हणजे माल साडेअकरा किलोच्या आत. त्याहून जास्त निघायला हवं असेल तर कांदाच वेगळा हवा. सुकवण्यासाठी जास्त घन भागाचे पांढरे वाण वापरतात ते यामुळेच. ब्रिक्स 18 असेल तर त्याच क्विंटलमधून 17 किलो निघतात, आणि मजुरी, वीज तेवढीच लागते. पण पांढरा म्हणजे घन भाग जास्तच, असंही नाही; वाण बघावा लागतो. जळगावला जैन इरिगेशनने आपल्या कांदा सुकवण्याच्या कारखान्यासाठी पांढऱ्या कांद्याची करार शेती उभी केली, त्यामागचं गणित मला तेव्हा कळलं.

आता लासलगावचा भाव यात घाला. लाल कांदा 800 रुपये क्विंटल असेल तर किलोभर चकत्यांना कच्चा माल 70 रुपयांच्या घरात पडतो. भाव 3000 वर गेला की 260 च्या पुढे. तुमचा ग्राहक मसालेवाला असो नाहीतर हॉटेलवाला, तो वर्षभर एकच दर मागतो. म्हणून माझ्या मते यंत्राच्या कर्जापेक्षा खेळतं भांडवल महत्त्वाचं. उन्हाळ कांदा निघतो तेव्हा एप्रिल-मेमध्ये खरेदी करायची, कांदाचाळीत साठवायचा, आणि विक्रीचे पैसे पुढच्या आठ-दहा महिन्यांत येणार. आमच्या भागातली ओळखीची दोन युनिटं इथेच बंद पडली. माल चांगला होता, पैसा गुदामात अडकला. यंत्राच्या मुदत कर्जासोबत कॅश क्रेडिटही, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज, मंजूर करून घ्या, ड्रायर लहान घ्यावा लागला तरी चालेल. 2020 पासूनच्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान आहे, पण ते कर्जाशी जोडलेलं आहे. त्याच्या भरवशावर हंगाम काढता येत नाही.

शिक्षणाबद्दल मला मनापासून वाटतं ते हे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीचे संस्थापक विलास शिंदे राहुरी कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. झालेले. त्या शिक्षणाइतकंच मोलाचं मला वाटतं ते त्यांनी ही कंपनी उभी करणं. कायद्याने दहा शेतकरी एकत्र आले तरी अशी कंपनी काढता येते. एकट्याने मसाला कंपनीच्या दारात उभं राहणं आणि तीस जणांचा एकाच वाणाचा माल घेऊन जाणं, यात फार फरक आहे. तुमच्या शिवारात अशी कंपनी असेल तर आधी तिथे सभासद व्हा. हिशेब कसा ठेवतात, माल नाकारला गेला तर बोलणी कशी करतात, हे तिथे शिकायला मिळतं.

डिप्लोमाचा उपयोगही कमी समजू नका. हवेचा प्रवाह, तापमान, ट्रेवरचा थर हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल. कमी आहे ती अन्नशास्त्राची बाजू: ओलावा मोजणं, बुरशी कशाने धरते, पावसाळ्यात चकत्या का चिकटतात, कुठली पिशवी हवेतली ओल आत येऊ देत नाही. एवढ्यासाठी चार वर्षं लागत नाहीत. एखादा आठवडाभराचा वर्ग करा आणि शिकवणाऱ्याचा फोन नंबर घेऊन ठेवा. मी आजही वर्षातून चार-पाच वेळा मॅडमना फोन करतो.

टोमॅटोचा विचार पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. त्यात पाणी कांद्यापेक्षा जास्त, आणि पिकलेला माल कांद्यासारखा थांबत नाही.

यंत्राची ऑर्डर देण्याआधी एखाद्याचा ड्रायर भाड्याने घेऊन 50 किलो लाल आणि 50 किलो पांढरा कांदा वेगवेगळा सुकवा. कापण्याआधी ब्रिक्स, सुकल्यावर वजन, मजुरीचे तास आणि विजेची युनिटं एका वहीत लिहा. मग त्याच मालाची अर्धा-अर्धा किलोची पाकिटं घेऊन द्वारका, पंचवटीतल्या दहा मसालेवाल्यांकडे जा. ते काय दर सांगतात तो आकडा इथे लिहा, पुढचा हिशेब आपण मिळून मांडू.