शिडाची बोट लिफ्टने पाण्यात सोडायच्या आधी डोलकाठीच्या तारा ताणून ठेवाव्यात का?

नका ताणू. सैलच ठेवा. उत्तर एवढंच आहे, पण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून पुढचं लिहितोय. "बोट यार्डात स्टँडवर उभी आहे तोवर रिगिंग ताणून, सगळं लॉक करून घेतो, म्हणजे पाण्यात उतरली की लगेच शीड चढवता येईल," असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच वाक्य मी माझ्या मेव्हण्याच्या तोंडून ऐकलंय.

मी नाशिकचा. सातपूरला कारखान्यात मेंटेनन्सला होतो. ओव्हरहेड क्रेन, वायर रोप, स्लिंग, टर्नबकल (आटे फिरवून तार ताणायचा सांधा) यांतच नोकरी गेली. मेव्हणा मुंबईला असतो, जहाजावर नोकरी केलेला, आणि त्याच्याकडे एक २५ फुटी शिडाची बोट आहे. पावसाळ्याआधी ती बाहेर काढायची, पावसाळा सरला की परत पाण्यात. त्याला हाताखाली माणूस लागतो म्हणून मला बोलावणं येतं. मी काही सुचवलं की ठरलेलं उत्तर: "दाजी, हे कारखान्याचं काम नाही. नाशिकला कुठे आलाय समुद्र?" नाही आला, कबूल. आमच्याकडे गंगापूर धरण आहे. चांदवडकडे तर प्यायच्या पाण्याची मारामार, तरी तिथल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला रोइंग करून आला. असो.

तर त्या दिवशी मेव्हण्याने आदल्या संध्याकाळीच सगळ्या तारा पिळून ठेवल्या होत्या. बोटाने छेडली तर वाजत होती बॅकस्टे, म्हणजे मागची तार. आटे फिरू नयेत म्हणून स्प्लिट पिना टाकलेल्या, दोन्ही पाय पार मागे वळवलेले, वरून चिकटपट्टीचे वेढे. सकाळी लिफ्ट आली. तुम्ही ती पाहिलीच असेल: चार चाकांचा उंच सांगाडा, दोन पट्टे, एक बाजू मोकळी आणि दुसऱ्या बाजूला वर आडवी तुळई. आमच्या बोटीची मागची बाजू तुळईकडे आली. मी म्हटलं, बॅकस्टे सोड, अडेल. तो म्हणाला, चांगली वीतभर जागा आहे, बघा की. जागा होती, खोटं का बोलू? पण बोट तेव्हा स्टँडवर होती.

इथे जरा नीट लक्ष द्या. बॅकस्टे मास्टच्या, म्हणजे डोलकाठीच्या, टोकापासून बोटीच्या मागच्या काठापर्यंत तिरकी उतरते. खाली येईल तशी ती मास्टपासून लांब, म्हणजे तुळईच्या दिशेने सरकते. बोट वर उचलली की तुळईच्या उंचीला तारेचा आणखी खालचा भाग येतो, आणि तो भाग तुळईला जास्त जवळ असतो. म्हणजे स्टँडवर असताना दिसणारी जागा बोट उचलताना कमी कमी होत जाते. बोटीचा पुढचा भाग तुळईकडे असेल तर फोरस्टेचं, म्हणजे पुढच्या तारेचं, हेच होतं. हे ओळखायला समुद्र बघावा लागत नाही, शाळेतली भूमिती पुरते.

बोट स्टँडवरून सुटली, हातभर वर गेली, आणि तार तुळईला टेकली. आधी नुसती टेकली, मग वाकायला लागली. मास्टचं टोक मागे ओढलं गेलं, पुढची तार करकरली. मी ओरडलो, ऑपरेटरने थांबवलं. आता बॅकस्टे सैल करावी म्हटलं, तर मेव्हणा पक्कड घेऊन चिकटपट्टी सोलतोय, पिनेचे पाय सरळ होईनात. शेवटी बोट परत खाली घ्यावी लागली. मास्ट वाचला. बॅकस्टेच्या टर्नबकलचा स्क्रू मात्र आट्यांपाशी वाकला होता, कारण खाली टॉगल, म्हणजे दोन्ही दिशांना हलणारा सांधा, नव्हता. टर्नबकलला दोन्ही दिशांना हलता आलं नाही की आडवा जोर सगळा स्क्रूवर येतो.

घरातल्या प्रत्येक कार्यात हा विषय निघतो आणि मेव्हणा प्रत्येक वेळी म्हणतो, ऑपरेटरने घाई केली. अहो, ऑपरेटर बघतो पट्टे आणि बोटीचं पोट. वरच्या तारा मालकाने बघायच्या. आमच्या कारखान्यातही उचलायच्या वस्तूला वर काय बांधलंय, हे क्रेनवाल्याला कुणी विचारत नसे.

आता तुमच्याबद्दल. आधी यार्डाला विचारा की कोणती बाजू तुळईकडे येणार. त्या बाजूची तार उचलण्याआधी सोडायची. सोडण्यापूर्वी तिच्या जागी एक हॅल्यार्ड (शीड वर चढवायचा दोर) ताणून बांधायचा: बॅकस्टे काढणार असाल तर मेन हॅल्यार्ड मागे, फोरस्टे काढणार असाल तर पुढच्या शिडाचा, म्हणजे जिबचा किंवा स्पिनेकरचा, हॅल्यार्ड पुढे. तोही तुळईला अडणार नाही, इतका आत बांधायचा. स्प्रेडर (मास्टच्या दोन्ही बाजूंना तारा लांब धरणाऱ्या आडव्या दांड्या) मागे झुकलेले असतील तर मास्ट बॅकस्टेशिवायही उभा राहतो, सरळ असतील तर हॅल्यार्डशिवाय हात लावू नका. फोरस्टेवर फर्लर (शीड गुंडाळायची यंत्रणा) असेल तर दोन माणसं लागतात. त्याची ॲल्युमिनियमची पट्टी वाकवायची नाही, मास्टला उभी लावून बांधायची. शिडं उतरवलेली, बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) काढलेला किंवा डेकवर आवळून बांधलेला.

ताणायचं का नाही, तर स्टँडवर बोटीचं वजन कीलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर, असतं आणि पॅड बाजूने दाबतात. पट्ट्यात ती दोन्ही कुशींतून आवळली जाते. पाण्यात चहूबाजूंनी आधार मिळतो. तिन्ही ठिकाणी अंगाचा आकार थोडाथोडा वेगळा, मग जमिनीवर लावलेला ताण पाण्यात तसाच कसा राहील? मास्ट सरळ उभा राहील एवढंच हाताने आवळा आणि पिना तेवढ्यापुरत्या टाका. खरा ताण पाण्यात, वारा नसताना, दोन्ही बाजू आळीपाळीने आवळत. १x१९ (एकात १९ धागे पिळलेल्या) स्टेनलेस तारेचा साधा हिशेब सांगतो: तारेवर २ मीटर लांबी मोजून घ्या. ती १ मिलिमीटरने वाढली की तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला. मेव्हणा अजून तार छेडून आवाज ऐकतो.

आटे साफ करून वंगण लावा, स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की कधीतरी जाम होतं आणि मग पान्ह्याने तुटतं. पिनेचे पाय थोडेसेच फाकवा, पक्कडीने एका झटक्यात निघाली पाहिजे. स्वेज टर्मिनलवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या तुकड्यावर) चिकटपट्टी गुंडाळू नका, आत ओल कोंडते आणि स्टेनलेस तिथेच खातं. भिंगाने बघा, केसाएवढी चीर दिसली तर ती तार बाद.

लिफ्ट नसून हायड्रा किंवा मोठी क्रेन असेल तर वरचं अर्धं विसरा. तिथे हूक बोटीच्या मधोमध वरून येतो आणि मास्ट, बॅकस्टे सगळंच आडवं येतं. मास्ट उतरवूनच उचला, पाण्यात गेल्यावर उभा करा. काही यार्डं लिफ्टलाही हीच अट घालतात. आणि हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: मास्ट उभा ठेवून लिफ्टने नेणार असाल तर स्टँडपासून पाण्यापर्यंतच्या वाटेत विजेच्या तारा आहेत का, ते स्वतः चालत जाऊन बघा.

तारा कुठल्या कंपनीच्या घ्याव्यात आणि खर्च किती, हेही विचारलंय तुम्ही. ते तिथल्या रिगरलाच, म्हणजे तारा बसवणाऱ्या कारागिरालाच, विचारा. टर्नबकल मात्र टॉगलवालाच घ्या. मेव्हण्याने परत बिनटॉगलचाच बसवलाय.